तिसरी अट आणि विहीणबाईंची गाडी

सोमवार

आदरणीय विहीणबाईंना,

आपल्या गाडीच्या तात्पुरत्या चालकाचा, म्हणजेच आपल्या सुनेच्या वडिलांचा, दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून केलेला नमस्कार. (गाडी उभी आहे. हँडब्रेक ओढलेला आहे. काळजी नसावी.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? मुलगी फोनवर सांगत होती की तुम्ही वॉकरच्या चाकाला स्वतः तेल घातलंत, आणि व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना त्यांच्या सायकलची चेन सैल आहे हे पटवून, ती आवळून देईपर्यंत पाय हलवायला नकार दिलात. ऐकून फार बरं वाटलं. ऑपरेशननंतर पहिले पंधरा दिवस तुम्ही कुणाच्याच यंत्रात खोट काढली नाही म्हणून आम्ही सगळे काळजीत होतो. इकडे मी आणि सौ. खुशाल आहोत. सौ.चा खांदा थोडा दुखतो, पण त्याचं कारण पुढे येईलच. आणि गाडी? गाडी एकदम ठणठणीत आहे. हे वाक्य मी मुद्दाम पहिल्याच पानावर लिहितो आहे, म्हणजे पुढची पानं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुमचं कार्ड परवा मिळालं. चारच ओळी, पण एकेक ओळ पान्यानं आवळून बसवलेली. 'दोन महिन्यांचे अहवाल आले नाहीत. फेसाबद्दल काहीतरी कानावर आलं आहे. फेस कसला ते लिहा. तिसरी अट मोडली असेल तर शनिवारी मुलगा येतो आहे, त्याच्याकडे किल्ली द्या.' मी कार्ड वाचून सौ.कडे पाहिलं. सौ.नी लगेच खिडकीबाहेर पाहिलं. फेस कुणाच्या तोंडून मुलीपर्यंत आणि मुलीच्या तोंडून तुमच्यापर्यंत पोहोचला, हे मला त्या क्षणी कळलं.

तुमच्या तिन्ही अटी मला तोंडपाठ आहेत. पहिली, दर महिन्याला गाडीचा लेखी अहवाल. फोनवर नाही, कारण डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढल्यावर तुमचं ठाम मत झालं आहे की ड्रायव्हर तोंडानं वाटेल ते सांगतो, पण लिहायला बसला की त्याचा हात खोटं लिहायला कचरतो. (खरं आहे. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फार छान होती, पण पाठवण्याजोगी नव्हती.) दुसरी अट, दर रविवारी इंजिन थंड असताना ऑइल, पाणी आणि चाकांची हवा पाहायची. आणि तिसरी, माझ्या हलगर्जीपणामुळे गाडी भर रस्त्यात एकदाही अडली, तर किल्ली परत.

किल्ली परत गेली तर काय होईल हेही तुम्ही जाणता, तरी लिहितो, कारण त्याशिवाय मला पुढचं लिहवत नाही. आमचं ग्रंथालय मोठ्या रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेलं, तेही दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट अजून नकाशातच आहे. माझे सतरा वाचक असे आहेत की ज्यांना तो रस्ताही ओलांडवत नाही आणि ते जिनेही चढवत नाहीत. निवृत्त झाल्यावर मी त्यांना पिशवीतून पुस्तकं नेऊन द्यायचो. एका फेरीला सहा पुस्तकं, आणि सहातलं नेमकं हवं ते कुणालाच मिळायचं नाही. तुम्ही सहा महिन्यांसाठी गाडी दिलीत आणि मी डिकीत दोनशे बारा पुस्तकं घेऊन दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघू लागलो. आता लोक दारात उभे राहून माझी वाट पाहतात. विहीणबाई, छत्तीस वर्षं मी काउंटरच्या मागे बसून वाचकांची वाट पाहिली. माझी वाट कुणी पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग. चौसष्टाव्या वर्षी याचं इतकं कौतुक वाटावं हे बरं नव्हे, पण वाटतं खरं.

तर आता फेस.

फेसाची गोष्ट लेबलांपासून सुरू होते. ज्या वस्तूवर लेबल नाही अशा वस्तूशेजारी मला बसवत नाही, हा माझा जुना आजार आहे. (लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना विषयवार क्रमांक दिले होते. सौ.नी ते दुसऱ्या आठवड्यात धुऊन टाकले.) पहिल्या रविवारी तुमच्या सूचनेप्रमाणे बॉनेट उघडलं आणि मला एखाद्या विना-नोंदणीच्या कपाटासमोर उभं राहिल्यासारखं झालं. इतकी झाकणं, इतक्या नळ्या, आणि कशावरही नाव नाही! मी घरात गेलो, जाड कागदाची लेबलं कापली, सुवाच्य अक्षरात लिहिली आणि ग्रंथालयाच्याच डिंकानं जिथल्या तिथे चिकटवली. इंजिन ऑइलचं झाकण, ऑइल मोजायची पट्टी, ब्रेकचं ऑइल, बॅटरी, सगळ्यांची नोंद झाली. शेवटी उरल्या त्या दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या. दोन्हींत काहीतरी पातळ, दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या. एकीतलं पाणी इंजिन थंड ठेवतं आणि दुसरीतलं पुढची काच धुतं, एवढं तुम्ही सांगितलं होतं. पण कुठली कुठली, ते माझ्या डोक्यातून गेलं होतं. अशा वेळी ग्रंथपाल काय करतो? मी लेबलं लावली : 'द्रवपदार्थ, संकीर्ण, खंड १' आणि 'द्रवपदार्थ, संकीर्ण, खंड २'. सौ. खिडकीतून म्हणाली, "अहो, आत काय आहे ते तरी लिहा." मी म्हटलं, वर्गवारीला एवढं पुरतं.

पुढच्याच मंगळवारी पाखरांनी काचेवर बरीच कामगिरी करून ठेवली होती. काच स्वच्छ करायला मी कोमट पाण्यात सौ.चा शाम्पू (परवानगी नंतर घेतली) छान ढवळला आणि बाटलीभर मिश्रण खंड एकमध्ये ओतलं. काचेचं पाणी खंड दोनमध्ये होतं. हे मला पंधरा मिनिटांनी कळलं. आधी उकळलेल्या डिंकाचा वास आला, कारण गरम भागांवरची लेबलं एकेक करून सोडचिठ्ठी देत होती. मग तापमानाचा काटा लालकडे सरकला. आणि मग शाळेजवळच्या चौकात, नेमकी मधली सुट्टी असताना, बॉनेटच्या फटीतून पांढराशुभ्र, दाट फेस डोकावू लागला. आधी थोडासा, लाजत. मग दोन्ही बाजूंनी, मग दिव्यांवरून, मग नंबरप्लेटवरून ओघळत खाली. शाळेच्या कुंपणापलीकडून एवढा जल्लोष झाला की मला क्षणभर वाटलं, आज कुणाचा तरी सत्कार आहे.

चौकातला वाहतूक पोलीस शांतपणे चालत आला. त्यानं फेसाला बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाला, "काका, वास चांगला आहे." मी इंजिन बंद करून खाली उतरलो आणि घाईघाईनं बाटलीचं झाकण उघडायला गेलो, तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं. "हात भाजून घ्यायचाय का? गार होऊ दे आधी. अर्धा तास इथंच बसा." मग आम्ही अर्धा तास बसलो. म्हणजे मी बसलो, तो उभा राहून गाड्या वळवत होता आणि मधूनमधून डिकीतली पुस्तकं चाळत होता. निघताना एक कवितासंग्रह घेऊन गेला. (त्याची नोंद अठरावा वाचक म्हणून केली आहे.) गॅरेजवाल्यानं साध्या पाण्यानं ते सगळं सात वेळा धुतलं, सातव्यांदा फेस यायचा थांबला, मग नवं कूलंट भरलं, आणि मला एकच सल्ला दिला, "शाम्पू डोक्याला." लेबलं मी काढून टाकली आहेत. आता दोन्ही बाटल्यांवर थेट, मोठ्या अक्षरात लिहिलं आहे : 'इंजिन' आणि 'काच'. सौ. म्हणते, याला छत्तीस वर्षांचा अनुभव लागत नाही.

आता तिसऱ्या अटीच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या दिवशी गाडी अडली नव्हती, मीच ती थांबवली होती, असा युक्तिवाद मी पहिल्या तीन पत्रांत केला होता. या पत्रात करत नाही.

दुसरा प्रसंग टायरचा. उताराच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. गुडघे तुमच्यासारखेच, त्यामुळे त्या दोरीला बांधलेली कापडी पिशवी खिडकीतून खाली सोडतात, मी पुस्तक घालतो, पिशवी वर जाते. (पिशवीला अस्तर आहे. पुस्तकाचे कोपरे दुमडू नयेत म्हणून त्यांनी मुद्दाम लावलं. असे वाचक असल्यावर माणूस निवृत्त का होतो कोण जाणे.) एका शुक्रवारी पिशवी वर जात असतानाच पुढच्या चाकानं 'फुस्स' असा दीर्घ निःश्वास सोडला. पाहिलं तर बोटभर लांब खिळा.

स्टेपनी डिकीच्या तळाशी असते हे मला माहीत होतं. तिच्यावर दोनशे बारा पुस्तकं आहेत हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी मी कधी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. दुसऱ्या कुणीही ती पुस्तकं भराभर बाहेर काढून ढीग घातला असता आणि दहा मिनिटांत मोकळा झाला असता. माझ्या हातून पुस्तकांचा ढीग होत नाही. मी फुटपाथवर सौ.ची सतरंजी अंथरली (ती गाडीत का होती, हा आमचा घरगुती प्रश्न आहे) आणि पुस्तकं विषयवार, लेखकवार, पाठीवरचं नाव वर येईल अशी मांडू लागलो. कथा, कादंबरी, प्रवास, चरित्र. चरित्रांपर्यंत पोहोचेस्तोवर सतरंजी संपली आणि चाळीस मिनिटं उलटून गेली होती. एवढ्यात येणारे-जाणारे थांबू लागले. कुणी किंमत विचारली. मी म्हटलं, किंमत नाही, मुदत आहे. कुणी कठड्यावर टेकून वाचायला लागलं. भाजी घेऊन चाललेल्या एक आजी प्रवासवर्णनात अशा गढल्या की त्यांच्या पिशवीतली कोथिंबिरीची जुडी कोमेजली.

मी जॅक लावला, चाक वर उचललं आणि नट फिरवायला पाना लावला. पान्याबरोबर नट फिरला, नटाबरोबर चाक फिरलं, चाकाबरोबर मीही थोडा फिरलो. दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "अहो काका, खाली घ्या ते! आधी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग उचलायचं! आणि मागच्या चाकाला वीट लावलीत का? उतार आहे!" बाईंच्या यजमानांची टॅक्सी होती आणि वीस वर्षं त्यांनी नवऱ्याच्या शेजारी बसून हे सगळं पाहिलं होतं. मी वीट शोधली, मिळाली नाही. एक जाडजूड शब्दकोश हातात घेतला, पण हात धजावला नाही. शेवटी कठड्यावरच्या वाचकांपैकी एकानं वीट आणून दिली आणि आम्ही ती चाकाखाली सरकवली. मग चाक खाली, नट सैल, चाक पुन्हा वर, जुनं चाक बाहेर, स्टेपनी आत. नट आवळताना बाई वरून हातातली कात्री हलवून कुठला नट आधी, कुठला मग, ते दाखवत होत्या : एक इकडचा, मग त्याच्या समोरचा, मग पुन्हा इकडचा. पुस्तकं परत डिकीत जाईपर्यंत दुपार झाली. एकही हरवलं नाही, आणि अकरा नवे वाचक झाले. कोथिंबीरवाल्या आजी प्रवासवर्णन घेऊनच गेल्या.

हलगर्जीपणा म्हणाल तर टायरची नक्षी पार झिजली होती, ती मला महिनाभर दिसत होती. मी तिच्याकडे पाहून म्हणत होतो की हिचं काहीतरी करायला हवं. ग्रंथालयातही मी फाटक्या बांधणीच्या पुस्तकांकडे पाहून हेच म्हणायचो. आता चारही टायर बदलले आहेत.

तिसऱ्या प्रसंगात दोष सर्वस्वी बेकरीवाल्याचा आहे, असं मी लिहिणार होतो. बेकरीवाला रहस्यकथांचा भुकेला. बेकरीत भट्टीची धग आणि गिऱ्हाइकांची कटकट, म्हणून तो, नोंदणी न करताच, माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर येऊन वाचतो. मी त्या गल्लीतल्या घरांना पायीच पुस्तकं देऊन येतो, तोवर त्याची दोन प्रकरणं होतात. अशाच एका शुक्रवारी आभाळ भरून आलं होतं, म्हणून त्यानं छतातला दिवा लावला. खुनी सापडायला चार पानं उरली असताना भट्टीतून करपल्याचा वास आला आणि तो पुस्तक घेऊन धावला. दिवा लागलेलाच राहिला. माझं घर तिथून चार पावलांवर आहे, म्हणून गाडी मी तिथेच ठेवून घरी गेलो. शनिवार गेला. रविवार गेला. (इथे तुम्ही थांबाल. हो, त्या रविवारी मी गाडी तपासली नाही. पुस्तकांचं कपाट रंगवत होतो. दुसरी अटही मोडली.) मंगळवारी किल्ली फिरवली तर आतून 'टक् टक् टक्' एवढंच आलं, अगदी पेन्सिलीनं टेबलावर ठोकल्यासारखं.

बॅटरी उतरली असेल तर गाडी ढकलून सुरू करता येते, याच्या पायऱ्या मला आता पाठ होत्या : किल्ली चालू, क्लच दाबलेला, दुसरा गिअर (पहिला नव्हे, पहिल्यात झटका फार बसतो), गाडीनं वेग घेतला की क्लच एकदम सोडायचा. बेकरीवाला पश्चात्तापानं पिठाळ हातांनी पुढे आला. त्याच्या मागे भट्टीवरचे दोघे, ड्यूटी संपवून पाव घ्यायला आलेला तो पोलीस, तीन-चार नवे वाचक आणि सौ. (खांद्याचं कारण हे.) मी आत बसलो. किल्ली चालू केली, क्लच दाबला, म्हटलं, "हं, चला!" आणि गाडी हलली. तेवढ्यात पहिल्याच दारात उभ्या असलेल्या निवृत्त नर्सबाईंनी हात पुढे केला, "माझं पुस्तक आणलंत का?" मी शेजारच्या सीटवरून त्यांचं पुस्तक उचलून दिलं, जुनं घेतलं, आणि गिअर टाकायचा राहून गेला.

विहीणबाई, क्लच दाबलेला आणि गिअर मोकळा असला की तुमची गाडी काय सुरेख चालते! आवाज नाही, धूर नाही. मी दुसऱ्या दारापाशी पोहोचलो, तिथेही हात पुढे आला. मग तिसऱ्या. ढकलणाऱ्यांना वाटलं, मी मुद्दाम दारोदारी थांबवत नेतो आहे, आणि ते फार समजूतदारपणे प्रत्येक दाराशी वेग कमी करू लागले. नऊ घरं झाली. दहाव्या घराशी बेकरीवाल्यानं खिडकीत डोकं घातलं. घाम आणि पीठ मिसळून त्याच्या चेहऱ्याची कणीक झाली होती. "काका, ही सुरू कधी होणार?" मी खाली पाहिलं. गिअरची दांडी निवांत मधोमध उभी होती. दुसरा गिअर टाकला, म्हटलं, "आता जरा जोरात," आणि क्लच सोडला. एक गचका, एक खोकला, आणि गाडी अशी काही सुरू झाली की सगळी गल्ली ओरडली. बेकरीवाल्यानं पोलिसाला मिठी मारली. गणवेशावर दोन पिठाळ पंजे उठले. सौ. तर हसून हसून फुटपाथवरच बसली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतकं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी अर्धा तास गाडी बंद न करता फिरवली, बॅटरी भरावी म्हणून. त्या अर्ध्या तासात सौ. शेजारी बसली होती आणि तिनं कारण नसताना दोनदा हॉर्न वाजवला. आता दिवा मी रोज पाहतो. रविवार चुकत नाही. ऑइलची पट्टी पुसून, पुन्हा बुडवून, दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघतो. हवा पाहताना स्टेपनीची विसरत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली होती, ती कोमट पाण्यानं पुसून काढली. इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला तर रेडिओ बंद करून ऐकतो. मागच्या गुरुवारी ब्रेक दाबला की बारीक किंचाळी यायला लागली, तर दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये जाऊन पॅड बदलून घेतले. गॅरेजवाला म्हणाला, "काका, तुम्ही आता फार लवकर येता." हे त्यानं चांगल्या अर्थानं म्हटलं असावं.

पण अट ती अट. गाडी तीन वेळा रस्त्यात अडली आणि तिन्ही वेळा चूक माझी. नियम मोडणाऱ्या वाचकांना मी छत्तीस वर्षं चष्म्यावरून पाहत आलो, आता स्वतःसाठी चष्मा काढून ठेवणं बरं दिसणार नाही. जावईबापू शनिवारी येतील तेव्हा किल्ली, कागदपत्रं आणि धुतलेली गाडी तयार असेल. तीन महिने तुम्ही जे दिलंत त्याचे आभार कसे मानावेत ते मला येत नाही. गुडघ्याला जपा. वॉकरला जास्त तेल घालू नका, घसरतो.

आपला,
अत्यंत नम्र आणि थोडा तेलकट व्याही

ता. क. गाडी शनिवारी जाणार हे मी वाचकांना अजून सांगितलेलं नाही. आता एकोणतीस जण झाले आहेत. उद्या मंगळवार. सांगायला तोंड उघडेल असं वाटत नाही.

ता. क. २. एक गोष्ट लिहायची राहिली. खरं म्हणजे राहिली नाही, पत्र संपेपर्यंत मी ती दाबून ठेवली. त्या शुक्रवारी स्टेपनी उचलली तेव्हा तिच्या खालच्या खळग्यात जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पुस्तक मिळालं. मोटारगाड्यांच्या देखभाल-दुरुस्तीचं, जुनं, पानापानांवर ऑइलचे अंगठे. पहिल्या पानावर आमच्या ग्रंथालयाचा शिक्का. तारखेचा शिक्का थोडा तिरपा, म्हणजे माझाच. तेहतीस वर्षांपूर्वीची तारीख, आणि कार्डावर तुमचं माहेरचं नाव. तुम्ही इथल्या डेपोत नव्यानं लागलात ते वर्ष ना? तेव्हा आपण एकमेकांचे कोणी नव्हतो. या पुस्तकाची परतीची ओळ आमच्या रजिस्टरात अजून कोरी आहे. समितीनं तीनदा सांगितलं, हरवलं म्हणून काट मारा. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. म्हटलं, हरवलेलं नाही, कुणीतरी वाचतंय. तेहतीस वर्षं माझं बरोबर होतं याचा मला किती आनंद झाला, ते सांगता येत नाही.

कडेला पेन्सिलीनं लिहिलेल्या तुमच्या नोंदी मी वाचल्या. क्षमा असावी, पण आज मला गाडीतलं जे काही येतं ते छापील मजकुरातून कमी आणि या नोंदींतून जास्त आलं आहे. टायरच्या पानावर लिहिलं आहे : 'आधी नट सैल, मग जॅक. आज मी उलट केलं. मुकादम हसला. उद्या हसणार नाही.' आणि रेडिएटरच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात : 'दोन बादल्या शेजारी ठेवल्या होत्या. साबणाची रेडिएटरमध्ये ओतली. बसच्या तोंडाला फेस. कुणाला सांगायचं नाही.'

मी कुणालाही सांगितलेलं नाही. सौ.लासुद्धा नाही. (सौ.ला तर मुळीच नाही.)

ता. क. ३. नियमाप्रमाणे ते पुस्तक मी ताब्यात घ्यायला हवं. पण वाचकाचं काम संपलं नसेल तर मुदत वाढवून द्यायची, हाही नियमच आहे. म्हणून आज सकाळी मी त्यावर पुढच्या सहा महिन्यांचा शिक्का मारला, सरळ, आणि पुस्तक पुन्हा स्टेपनीखाली ठेवून दिलं. ते तुमच्याच नावावर आहे. गाडीही तेवढीच मुदत माझ्या नावावर राहू द्यावी, ही विनंती.